युद्धकाळातील निद्रिस्त नगर : बिल ब्रँट यांची लंडनमधील आश्रयस्थानांची छायाचित्रे

नोव्हेंबर १९४० मध्ये ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाने बिल ब्रँट या छायाचित्रकारावर एक कामगिरी सोपविली. लंडनवर ७ सप्टेंबरपासून जर्मन विमानांचा बॉम्बवर्षाव चालू होता. लोक रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर, चर्चच्या तळघरांत, दुकानांच्या व कचेऱ्यांच्या तळमजल्यांत आसरा घेत होते. या आश्रयस्थानांची छायाचित्रे ब्रँट यांनी घ्यावीत, असे ठरले. ४ ते १२ नोव्हेंबर या अवघ्या नऊ दिवसांत त्यांनी हे काम केले आणि नंतर इन्फ्लुएन्झाने आजारी पडून ते थांबविले. आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्यूझियममध्ये जतन केलेली ही चित्रे युद्धकालीन नागरी जीवनाचा एक प्रमाणभूत दृश्य-दस्तऐवज मानली जातात. 'संकटातही न डगमगणारी सामान्य माणसे' अशी त्यांची ओळख करून दिली जाते. प्रस्तुत लेखात या ओळखीचाच पुनर्विचार करावयाचा आहे. ही छायाचित्रे धैर्याची आहेत, की धैर्य हा शब्द त्यांना बाहेरून चिकटविण्यात आला आहे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

प्रथम छायाचित्रकाराविषयी. ब्रँट यांचा जन्म १९०४ मध्ये हॅम्बर्ग येथे झाला. वडील ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. तारुण्यात क्षयरोगामुळे त्यांना दावोस येथील आरोग्यधामात राहावे लागले. पुढे १९३० मध्ये पॅरिसला मॅन रे यांच्या स्टुडिओत त्यांनी काही महिने उमेदवारी केली आणि चौथ्या दशकाच्या मध्यास ते लंडनला स्थायिक झाले. 'द इंग्लिश अ‍ॅट होम' (१९३६) आणि 'अ नाइट इन लंडन' (१९३८) ही त्यांची पुस्तके इंग्रजी वर्गव्यवस्थेचे बाहेरून आलेल्या माणसाने केलेले निरीक्षण म्हणून महत्त्वाची आहेत. मात्र 'अ नाइट इन लंडन'मधील कित्येक 'प्रसंग' नातेवाईक आणि मित्र यांना उभे करून रचलेले होते. ब्रँट यांना त्यात वावगे काही वाटत नव्हते. छायाचित्र हे पाहण्याइतकेच रचण्याचे माध्यम आहे, अशी त्यांची धारणा होती. दुसरी गोष्ट अशी की, उत्तरायुष्यात त्यांनी आपला जर्मन जन्म लपविला. आपण दक्षिण लंडनमध्ये जन्मलो असे ते सांगत राहिले. ज्या देशाची विमाने बॉम्ब टाकत होती त्या देशात जन्मलेला माणूस त्याच बॉम्बांखाली झोपलेल्यांची चित्रे काढीत होता, ही वस्तुस्थिती ती चित्रे पाहताना डोळ्यांआड करता येत नाही.

परवानगी आणि प्रतिमा

भुयारी रेल्वेची स्थानके सरकारने आश्रयासाठी आपण होऊन खुली केली, असा समज या चित्रांमुळे होऊ शकतो. वस्तुस्थिती उलट होती. माणसे एकदा जमिनीखाली गेली की ती वर येणार नाहीत, कामावर जाणार नाहीत, भित्री होतील, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटत होती आणि म्हणून आरंभी स्थानकांच्या अशा वापरास मनाई होती. लोकांनी सर्वांत स्वस्त तिकीट काढले, ते खाली उतरले आणि परत वर आलेच नाहीत. त्याच सुमारास, सप्टेंबरच्या मध्यास, पूर्व लंडनमधील कष्टकऱ्यांचा एक जथा कम्युनिस्ट कार्यकर्ते फिल पिरॅटिन यांच्यासह सॅव्हॉय या उंची हॉटेलात शिरला आणि तेथील सुरक्षित तळघरात आपल्यालाही जागा हवी असे म्हणू लागला. पश्चिम लंडनच्या श्रीमंतांसाठी तळघरे आणि पूर्वेकडील गोदी कामगारांसाठी विटांचे कच्चे आडोसे, या विषमतेविरुद्धचा तो निषेध होता. सरकारला नमते घ्यावे लागले. २७ सप्टेंबरच्या रात्री भुयारी स्थानकांत सुमारे १ लाख ७७ हजार माणसे होती.

म्हणजे फलाटावर झोपणे ही मुळात अवज्ञा होती. आठ आठवड्यांनंतर त्याच अवज्ञेचे चित्रण करण्यासाठी सरकार छायाचित्रकार नेमते, आणि ब्रिटिश जनतेविषयी अमेरिकेत सहानुभूती निर्माण करण्यासाठी त्या चित्रांचा उपयोग होतो. ज्या कृतीला कालपर्यंत भ्याडपणा म्हटले जात होते, तिला आता चिवटपणा म्हटले जाऊ लागले. कृती तीच होती, तिचा मालक मात्र बदलला.

आणखी एक आकडा येथे नोंदविला पाहिजे. नोव्हेंबर १९४० च्या आरंभी, म्हणजे ब्रँट कॅमेरा घेऊन फिरत होते त्याच दिवसांत, मध्य लंडनमध्ये आश्रयस्थानांची गणना झाली. तीनुसार सुमारे ४ टक्के लोक भुयारी रेल्वेत, ९ टक्के अन्य सार्वजनिक आश्रयस्थानांत आणि २७ टक्के घरगुती आडोशांत रात्र काढीत होते. उरलेले बहुसंख्य आपापल्या घरी, बिछान्यात किंवा जिन्याखाली. आज 'ब्लिट्झ' म्हटले की जे दृश्य आपल्याला आठवते, ते प्रत्यक्षात शंभरातील चार माणसांचे दृश्य आहे. हा काही ब्रँट यांचा अपराध नव्हे. स्वतःच्या घरात जिन्याखाली दबा धरून बसलेल्या एकट्या म्हातारीचे चित्र कोण आणि कसे घेणार? सामूहिकता छायाचित्रात मावते, एकटेपणाला तेवढी जागा मिळत नाही.

चित्रांकडे पाहताना

या मालिकेतील सर्वपरिचित छायाचित्र एलिफंट अँड कॅसल स्थानकाचे आहे. फलाटाच्या कडेपर्यंत माणसे दाटीवाटीने पसरली आहेत. पांघरुणे, कोट, उशाला घेतलेली बोचकी यांतून एखादा चेहरा, एखादा हात तेवढा बाहेर आलेला दिसतो. आमच्या पदव्युत्तर वर्गात हे चित्र दाखविले तेव्हा एका विद्यार्थ्याने सहज विचारले, "यात विशेष काय आहे? आपल्याकडे रात्रीच्या गाडीच्या वेळी फलाट असाच असतो." वर्ग हसला. पण प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने मोलाचा होता. १९४० च्या ब्रिटिश प्रेक्षकाला या चित्रात जे धक्कादायक वाटले ते बॉम्बचे भय नव्हते, कारण बॉम्ब चित्रात कोठेच नाही. अब्रूदार माणसे परक्यांच्या शेजारी, उघड्यावर, तोंडे उघडी टाकून झोपली आहेत, हा तो धक्का होता. खाजगी जीवनाचे कवच गळून पडले होते. ज्या समाजात लक्षावधी लोकांना असे कवच कधी मिळतच नाही, त्या समाजातील प्रेक्षक हे चित्र वेगळ्या रीतीने वाचणार. प्रतिमेचा अर्थ प्रतिमेत जेवढा असतो तेवढाच पाहणाऱ्याच्या सवयीतही असतो, हे सूत्र आपण सिद्धान्त म्हणून शिकवितो. त्या दिवशी ते एका विद्यार्थ्याने एका वाक्यात शिकविले.

लिव्हरपूल स्ट्रीटच्या बाजूचे, रूळ न टाकलेल्या अपुऱ्या बोगद्याचे चित्र रचनेच्या दृष्टीने याहून कठोर आहे. बोगद्याची वर्तुळाकार कडा आणि तिच्या तळाशी दोन्ही बाजूंनी दूरवर निमुळत्या होत गेलेल्या माणसांच्या रांगा. येथे व्यक्ती उरतच नाही. शिल्पकार हेन्री मूर यांनी याच सुमारास अशाच बोगद्यांतील निद्रिस्तांची रेखाटने केली. 'लिलिपुट' मासिकाने डिसेंबर १९४२ मध्ये मूर यांची रेखाटने आणि ब्रँट यांची छायाचित्रे एकत्र छापली, तेव्हापासून ही तुलना रूढ झाली आहे. दोहोंतील साम्य उघड आहे, त्यावर फार थांबण्याचे कारण नाही. भेद अधिक बोलका आहे. लोकांसमोर वही उघडून बसणे मूर यांना असभ्यपणाचे वाटे. ते आडबाजूला जाऊन दोनचार शब्दांची टिपणे करीत आणि चित्र नंतर स्टुडिओत काढीत. त्यांची माणसे म्हणूनच कोणा एकाची नाहीत. ती लोकर गुंडाळलेल्या पुरातन मूर्तींसारखी भासतात. कॅमेऱ्याला असा संकोच परवडत नाही. त्याला त्या क्षणी, त्या ठिकाणी, त्या माणसासमोर उभे राहावेच लागते. आणि समोरचा माणूस झोपलेला असतो.

येथे एक नैतिक पेच उद्भवतो आणि तो टाळून या चित्रांचे सौंदर्य वाखाणणे मला योग्य वाटत नाही. झोपलेला माणूस संमती देऊ शकत नाही, चेहरा सावरू शकत नाही, धैर्याचा आव आणू शकत नाही. एरवी युद्धकाळातील नागरिकांच्या चित्रांत एक अलिखित करार असतो. कॅमेरा दिसला की माणूस ताठ होतो, हसतो, अंगठा वर करतो. ९ ऑक्टोबर १९४० रोजी फ्रेड मॉर्ली यांनी टिपलेला, ढिगाऱ्यांतून दुधाच्या बाटल्या घेऊन चाललेला दूधवाला हे या कराराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तो दूधवाला म्हणजे प्रत्यक्षात डगला उसना घेतलेला छायाचित्रकाराचा साहाय्यक होता, असे सांगितले जाते. ब्रँट यांच्या निद्रिस्तांनी असा कोणताही करार केलेला नाही. म्हणूनच त्यांच्या चेहऱ्यांवर धैर्य नाही, भीतीही नाही. केवळ थकवा आहे. माझ्या मते या मालिकेचे खरे सामर्थ्य याच ठिकाणी आहे. शासनाला हवे होते चिवटपणाचे चित्र; छायाचित्रकाराने आणून दिले शरीराच्या मर्यादेचे चित्र. रचना करण्यात एरवी इतका वाकबगार असलेल्या या कलावंताने येथे माणसांकडून काहीच करवून घेतलेले नाही. प्रकाश, कोन, चौकट ही सारी त्याची आहे, झोप मात्र ज्याची त्याची आहे.

अर्थात या झोपेलाही ब्रँट यांनी अर्थ दिलाच. स्पिटलफिल्ड्स येथील क्राइस्ट चर्चच्या तळघरातील एका चित्रात एक माणूस दगडी शवपेटीत झोपला आहे. त्याला तेथे कोणी झोपविले नव्हते, जागा मिळाली म्हणून तो तेथे झोपला, असे मानले तरी हे चित्र दस्तऐवजापेक्षा रूपकाकडे अधिक झुकते. मॅन रे यांच्याकडे काढलेले महिने ब्रँट येथे विसरलेले नाहीत. मला हे चित्र मालिकेतील सर्वांत चतुर आणि म्हणूनच किंचित दुय्यम वाटते. मृत्यूच्या कुशीत जीवन हा अर्थ त्यात इतका चटकन सापडतो की, पाहणारा त्या माणसाकडे पुन्हा वळत नाही.

ली मिलर यांच्या त्याच काळातील छायाचित्रांशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. 'ग्रिम ग्लोरी' (१९४१) या संग्रहात मिलर यांनी मोडका टंकलेखनयंत्र, पडलेला पुतळा, विटांच्या ढिगाने दार बुजलेले चर्च अशा वस्तू टिपल्या आणि त्यांना खोचक शीर्षके दिली. त्याही मॅन रे यांच्याकडेच शिकलेल्या. परंतु त्यांचा विनोद वस्तूंवर चालतो, निद्रिस्त माणसावर नव्हे.

प्रतींविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. युद्धकाळात काढलेल्या प्रती करड्या, मऊ छटांच्या आहेत. पुढील दशकांत ब्रँट यांची मुद्रणशैली बदलली. काळा रंग गडद आणि पांढरा रंग भगभगीत झाला, मधल्या छटा नाहीशा होऊ लागल्या. 'शॅडो ऑफ लाइट' (१९६६) या त्यांच्या निवडक संग्रहाने नंतरच्या पिढ्यांना हे कलाकार ब्रँट परिचित करून दिले. एकाच निगेटिव्हमधून एकदा माहिती मंत्रालयाचा अहवाल निघतो आणि एकदा कलादालनातील चित्र. 'दस्तऐवज' हा शब्द आपण छायाचित्राबाबत फार सैलपणे वापरतो, हे यावरून ध्यानात यावे.

जे चौकटीबाहेर राहिले

१४ ऑक्टोबर १९४० रोजी बॅलहॅम स्थानकावर बॉम्ब पडून रस्ता खचला, पाणी व चिखल बोगद्यात शिरला आणि तेथे आसरा घेतलेल्यांपैकी साठाहून अधिक माणसे दगावली. ३ मार्च १९४३ रोजी बेथनल ग्रीन स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत १७३ जणांचा मृत्यू झाला; त्या रात्री तेथे एकही बॉम्ब पडला नव्हता. या दुर्घटनेच्या चौकशीचा अहवाल १९४५ पर्यंत जनतेपासून दडवून ठेवण्यात आला. जेथे आश्रयस्थानच सापळा ठरले, तेथील प्रतिमा त्या काळी लोकांपर्यंत पोचल्या नाहीत. इतिहासकार अँगस काल्डर यांनी 'द मिथ ऑफ द ब्लिट्झ' (१९९१) या ग्रंथात नागरी धैर्याची ही कथा कशी घडविली गेली याची चिकित्सा केली आहे. ही कथा खोटी होती असे त्यांचे म्हणणे नाही. लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि त्यानुसार वागण्याचा प्रयत्न केला, म्हणून ती अंशतः खरीही ठरली.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर आणि ११ जुलै २००६ च्या लोकलमधील बॉम्बस्फोटांनंतर 'मुंबईचे स्पिरिट' हा शब्दप्रयोग किती सहजतेने रूढ झाला हे आपण पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्या माणसाचे कौतुक झाले. त्याला न जाऊन चालणार होते काय, नाले कोणी बुजविले होते, हे प्रश्न त्या कौतुकाखाली दबले. सोसणाऱ्याची स्तुती ही सोसावयास लावणाऱ्याला नेहमीच सोयीची असते.

ब्रँट यांच्या जन्मगावाची गोष्टही येथेच येते. जुलै १९४३ च्या अखेरीस ब्रिटिश व अमेरिकी विमानांनी हॅम्बर्गवर सलग हल्ले केले. त्यातून उठलेल्या अग्निवादळात तळघरांत बसलेली माणसे धुराने आणि उष्णतेने जागच्या जागी मेली. मृतांची संख्या पस्तीस हजारांहून अधिक होती. ब्लिट्झच्या आठ महिन्यांत संपूर्ण ब्रिटनमध्ये सुमारे ४३ हजार नागरिक मारले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे एका शहरातील काही रात्रींच्या या आकड्याचे गांभीर्य कळते. ब्रँट यांनी याविषयी काय सोसले असेल, याचा तर्क करणे व्यर्थ आहे. ते आपल्या जन्मगावाचे नावच घेत नव्हते.

याच साम्राज्यात, याच वर्षी, बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात सुमारे तीस लाख माणसे मेली असे मानले जाते. तोही युद्धाचाच बळी होता: ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, नावा जप्त झाल्या, लष्कर आणि शहर यांना धान्य पुरविताना खेडी उपाशी राहिली. तेथे माहिती खात्याने छायाचित्रकार नेमला नाही. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' दैनिकाने २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यांवर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली, ती निर्बंधांत छायाचित्रांचा उल्लेख नाही ही फट संपादक इयन स्टीफन्स यांनी हेरली म्हणून. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांच्याबरोबर तरुण सुनील जाना कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडले. त्यांची चित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर'मध्ये प्रसिद्ध झाली. चित्तप्रसाद यांची 'हंग्री बेंगॉल' ही चित्रपुस्तिका शासनाने जप्त केली. त्याच पक्षाच्या मराठी 'लोकयुद्ध'शी संबंधित असलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' लिहिली, ती याच दुष्काळावर. जाना यांची माणसे पुष्कळदा जागी आहेत, ती कॅमेऱ्याकडे पाहतात, आणि त्यांच्याकडे पाहून चिवटपणा हा शब्द कोणालाही सुचत नाही. लंडनच्या फलाटावरील माणूस सकाळी उठून घरी जाणार आहे, निदान घराच्या जागेकडे तरी, हे आपण गृहीत धरतो. ब्रँट यांच्या चित्रांतील झोप आपल्याला झोप वाटते ती या गृहीतामुळे. जाना यांच्या चित्रांत आडवा पडलेला माणूस झोपला आहे की नाही, हे आपल्याला ठरवावे लागते.

या दोन जगांना जोडणारे एक चित्र ब्रँट यांच्याच मालिकेत आहे. स्पिटलफिल्ड्सच्या त्याच तळघरात एका कमानीच्या कोनाड्यात एक शीख कुटुंब बसले आहे : पगडी घातलेला पुरुष, स्त्री आणि मूल. लंडनच्या ब्लिट्झमध्ये भारतीय होते. व्ही. के. कृष्ण मेनन सेंट पँक्रस भागात हवाई हल्ल्यांच्या वेळी वॉर्डन म्हणून काम करीत. कोल्हापूरच्या वेणू चितळे बीबीसीत होत्या; पुढे जॉर्ज ऑर्वेल यांच्या विभागात त्यांनी मराठी वार्तापत्रांचे काम केले. हे चित्र घेतले गेले त्याच्या तीन-चार आठवडे आधी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, पवनार येथे विनोबा भावे यांनी या युद्धात सहकार्य करू नये असे जाहीर भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला होता, आणि चार दिवसांत त्यांना अटक झाली होती. एका भारतीयाने युद्धाविरुद्ध बोलणे हा गुन्हा आणि दुसऱ्याने युद्ध सोसणे हा प्रचाराचा विषय. साम्राज्य कसे एकजुटीने उभे आहे, हे दाखविण्यास हे कुटुंब उपयोगी होते, यात शंका नाही. स्टीव्ह मॅक्वीन यांनी 'ब्लिट्झ' (२०२४) या चित्रपटाची प्रेरणा सांगताना स्थानकावर उभ्या असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या छायाचित्राचा उल्लेख केला आहे. गौरेतर लंडनवासीयांचा शोध आता अशा एकेका प्रतिमेपासून सुरू होतो.

तरीही हे चित्र केवळ प्रचारात संपत नाही. फलाटावरील गर्दीत ज्याप्रमाणे सर्व एकमेकांस बिलगून झोपले आहेत, तसे हे तिघे कोणाला बिलगलेले नाहीत. दगडी कोनाडा त्यांना इतरांपासून वेगळा काढतो. तो त्यांनी निवडला, की तेवढाच त्यांच्या वाट्याला आला, की छायाचित्रकाराला चौकटीत चौकट हवी होती म्हणून त्याने त्यांना तेथे बसविले, हे चित्रावरून सांगता येत नाही. संग्रहालयाच्या नोंदीत चर्चचे नाव आहे, वस्तीचे नाव आहे, महिना आणि वर्ष आहे. त्या कुटुंबाचे नाव तेथे 'शीख कुटुंब' एवढेच आहे.